पांढऱ्या घोडीचा तिसरा गुन्हा

घोड्यावर बसायला शिकायचं माझ्या ध्यानीमनीही नव्हतं. ते माझ्या तोंडून निघून गेलं, एवढाच काय तो प्रकार. शाळेतून निवृत्त झाले तेव्हा शाल आणि नारळ हातात पडायच्या आधीच लोकांनी विचारायला सुरुवात केली होती, "मग मॅडम, आता पुढे काय?" हा प्रश्न विचारणाऱ्याला उत्तर नको असतं, त्याच्याकडे ते तयार असतं. एकीने गच्चीवरची बाग सुचवली, दुसरीने हास्यक्लब. नारायण पेठेत आमच्याच इमारतीत खालच्या मजल्यावर एक गृहस्थ राहतात, त्यांनी मला जिन्यात अडवून सांगितलं, "आता गुडघे सांभाळायचे आणि नामस्मरण करायचं. राहिलंय काय दुसरं?" माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, "मी घोड्यावर बसायला शिकणार आहे."

घोडाच का, हे मला आजही सांगता येत नाही. तेव्हा जिन्यात पोहणं सुचलं असतं तर मी पोहायला गेले असते आणि हा मजकूर वाचायची वेळ तुमच्यावर आली नसती. पण पेठेत एकदा बोललेलं मागे घेता येत नाही. दुसऱ्या दिवशी वाण्याने डाळ बांधता बांधता विचारलं, "हरभरे पण देऊ का? घोड्याला?" संध्याकाळी मैत्रिणीचा फोन आला की तू म्हणे रेसकोर्सवर जातेस. आठवडाभरात अशी अवस्था झाली की घोड्यावर न बसणं हा माझ्या घराण्याच्या अब्रूचा प्रश्न झाला. मग मी जागा शोधली.

धायरीच्या पुढे नव्या इमारती संपल्यासारख्या वाटतात आणि जरा पुढे गेलं की पुन्हा सुरू होतात. त्या मधल्या पट्ट्यात पत्र्याचे तबेले, एक कुंपणाचं रिंगण आणि मागे शेतातून जाणारा कच्चा रस्ता, अशी ती घोडेस्वारीची शाळा आहे. चालवणारी मुलगी पस्तिशीची. आयटीतली नोकरी सोडून तिने घोडे घेतले, त्यामुळे तिच्या घरचे तिच्याशी बोलत नाहीत आणि ती घोड्यांशी फार बोलते. मला पाहून तिने विचारलं, "नातवाला आणलंय का, काकू?"

"नाही. मलाच आणलंय."

तिने मला एकदा वरून खाली पाहिलं, तबेल्याकडे पाहिलं आणि एका पांढऱ्या घोडीकडे बोट केलं. "मग ही घ्या. ही पण रिटायर्ड आहे."

ती वरातीची घोडी होती. कित्येक वर्षं तिने नवरदेव वाहिले होते. मग पुढचा एक पाय दुखरा झाला, तशी मालकाने ती विकायला काढली आणि या मुलीने दया येऊन घेतली. वरातीच्या घोडीला शिकवतात ते निराळ्याच शिस्तीत. लगाम ताणला की इतर घोडे थांबतात, ही मान कमानीसारखी करून जागच्या जागी नाचायला लागायची. आणि उभी राहायची ती अशी, की अंगावर माशी बसली तरी कातडीसुद्धा हलायची नाही, कारण नवरदेवाचे फोटो व्हायचे असत. मला तिची फार लवकर सवय झाली. इतकी वर्षं लोकांच्या कार्यात नटून उभी राहिलेली, सगळ्यांचं लक्ष दुसऱ्याच कुणाकडे असलेली आणि तरीही पोक न काढलेली अशी ती बाई होती. माझा तिच्यावर जीव जडला. उगाच आडवळणाने कशाला सांगू, मी रविवारची वाट बघायला लागले ती तिच्यासाठी.

आता आमच्या यांच्याविषयी सांगायला हवं. हे वजनमापं तपासण्याच्या सरकारी खात्यात होते. बाजारातले काटे तपासता तपासता यांनी स्वतःच्या जिभेचाही काटा करून घेतला. खोटं बोलत नाहीत. हा सद्गुण आहे असं ज्यांना वाटतं त्यांनी यांच्याबरोबर एकदा कुणाकडे जेवायला जावं. "जेवण कसं झालं?" असं यजमानीणबाईंनी रीतीप्रमाणे विचारलं की हे रीत मोडून सांगतात, "कोशिंबीर उत्तम. आमटी अळणी होती." एकदा फोन वाजला तेव्हा मी खुणेने सांगितलं, मी घरात नाही म्हणा. हे फोनमध्ये म्हणाले, "ती इथे समोरच बसली आहे, पण घरात नाही असं सांगा म्हणते." ती माझी नणंद होती. पुढे दिवाळीपर्यंत आमचं जाणंयेणं बंद होतं.

घोडेस्वारी यांना मुळीच मंजूर नव्हती. "त्या जनावराला ब्रेक नाहीत," हा यांचा मुख्य मुद्दा. तरी दर रविवारी स्कूटरवरून मला धायरीला नेत. बरोबर चहाचा थर्मास, क्रेप बँडेज आणि कुठल्याही क्षणी वापरता येईल असा 'मी सांगितलं होतं'चा चेहरा. पहिल्याच दिवशी यांनी तबेल्यातला खुराक मोजायचा काटा पाहिला आणि त्या मुलीला सांगितलं, "तुमचा काटा खोटा आहे. घोड्यांना कमी मिळतंय." तिने तपासून पाहिला तर खरंच होतं. तेव्हापासून तिचा जगात एकाच माणसावर पूर्ण विश्वास बसला आणि तो माणूस म्हणजे आमचे हे. काकांनी सांगितलं म्हणजे झालं.

मी शिकत होते. चालीवरून दुडकीवर आले होते. दुडकी म्हणजे घोडा हळू धावतो आणि आपली हाडं वेगाने. त्याच्या पुढची चाल अजून शिकवायची होती, पण घोडा उधळला तर काय करायचं, हे मात्र त्या मुलीने आधीच शिकवून ठेवलं होतं. "काकू, पॅनिक नाही व्हायचं. दोन्ही लगाम खेचले तर तो तुमच्यापेक्षा स्ट्राँग आहे, तो जिंकणार. पुढे वाकायचं नाही. मागे बसायचं, टाचा खाली, श्वास सोडायचा. हात आधी सैल करायचे. मग एकच लगाम धरून हळूहळू गोल वळवायचं. मोठा गोल, मग लहान गोल. गोलात कोणी फार पळू शकत नाही." मला हे इतकं पटलं की त्या रात्री जेवताना मी यांना उलथनं आणि आमटीची वाटी घेऊन सगळं समजावून दिलं. हे म्हणाले, "आणि घोडा हे ऐकत असताना नेमकं काय करत असतो?"

घोडीवर मात्र एक टांगती तलवार होती. ती आधी दोनदा उधळली होती. एकदा एका कॉलेजच्या मुलाला घेऊन आणि एकदा तबेल्यातून एकटीच, दावं तोडून. दोन्ही वेळा लांब कुठेतरी जोरात वाजत होतं. त्या मुलीने मला बाजूला घेऊन सांगितलं होतं, "काकू, मला ती आवडते. पण ती आवाजाला घाबरते आणि इथे शाळेची मुलं येतात. आता तिसऱ्यांदा पळाली तर मी नाही ठेवणार. रीझन काहीही असू दे." जुना वरातवाला दर मोसमाला फोन करून विचारायचा, पांढरी घोडी परत देता का. पांढऱ्याला मागणी असते. परत जाणं म्हणजे काय ते मला दिसत होतं. एप्रिलच्या उन्हात डांबरावर, कानाशी भिंतीएवढे स्पीकर आणि दुखऱ्या पायावर नाच.

त्या रविवारी, गणपतीच्या आधीच्या दिवसांत, ती मुलगी आम्हा दोघींना पहिल्यांदाच कुंपणाबाहेर घेऊन गेली. दोघी म्हणजे मी आणि एक डॉक्टरीण. कच्च्या रस्त्याने तिघी चाललो होतो, मागून बऱ्याच अंतरावरून हे स्कूटरने. "मागे काहीतरी चाकांचं असावं," असं यांचं म्हणणं. जरा पुढे गेल्यावर डॉक्टरीणबाईंची पाय ठेवायची रिकीब निसटली. ती मुलगी खाली उतरली, ती अडकवायला लागली आणि मला म्हणाली, "काकू, तुम्ही त्या वळणापर्यंत जा आणि तिथूनच परत या. आरामात."

मी वळणापर्यंत आरामात गेले. वळणापलीकडे मी दिसेनाशी झाले आणि त्याच क्षणी समोरून, शेतांच्या पलीकडून, ढोल सुरू झाले.

गणपतीच्या आधी पुण्यात रविवारी कुठे ढोल वाजत नाहीत? मला त्यात काही वावगं वाटलं नाही, तिचे आधीचे दोन गुन्हे त्या घटकेला आठवलेच नाहीत. घोडीने मात्र दोन्ही कान टवकारले. तिच्या पाठीतून एक कळ फिरावी तसं काहीतरी फिरलं, आणि मग माझ्याखालची घोडी पुढे गेली आणि मी मागे राहिले. निदान तसं वाटलं. प्रत्यक्षात मी तिच्या आयाळीला लटकून तिच्याबरोबरच होते.

शिकलेलं सगळं मी केलं, फक्त उलटं केलं. मागे बसायचं तर मी पुढे वाकून तिच्या मानेला मिठी मारली. टाचा खाली ठेवायच्या तर मी दोन्ही पायांनी तिला आवळून धरलं, आणि पाय आवळणं म्हणजे घोड्याच्या भाषेत "अजून जोरात". तिने आज्ञा पाळली. श्वास सोडायचा तर मी किंकाळी सोडली. आणि दोन्ही लगाम जिवाच्या आकांताने खेचले. ही वरातीची घोडी आहे आणि लगाम ताणला की हिला नाचायचं असतं, हे तेव्हा कुणाच्या लक्षात राहतं? तिने मान कमानीसारखी केली आणि धावता धावताच नाचायला लागली. उधळलेल्या घोड्यावरून पडणारे पुष्कळ असतील. उधळलेल्या आणि वर नटूनथटून नाचणाऱ्या घोडीवर बसलेली मी एकटीच असेन.

रस्त्याच्या दोन्ही बाजूंना आता प्लॉटच्या भिंती होत्या. वळवायला जागाच नव्हती. एका भिंतीवर "येथे गाडी लावल्यास हवा सोडली जाईल" असं लिहिलेलं मी वाचलं आणि अशा वेळी आपण हे वाचतोय याचा मला राग आला. एक माणूस दात घासत दारात उभा होता, तो ब्रशसकट आत पळाला. एक बाई ओरडली, "अवं आजी, कुठं निघालाय एवढ्या घाईनं?" उत्तर देण्याची पद्धत असते म्हणून मी तोंड उघडलं, पण त्यातून काही आलं नाही. मागून स्कूटरचा हॉर्न ऐकू येत होता. हे सबंध रस्ता हॉर्न वाजवत होते. घोड्याला त्याने काय कळणार होतं कोण जाणे, पण मला एवढं कळलं की हे मागे आहेत आणि घाबरलेले आहेत.

त्या हॉर्ननेच मी भानावर आले. मला वाटलं, मी पडले तर माझं हाड मोडेल, ते जुळेल. पण मी पडले तर हिचं काही खरं नाही. रिकामी घोडी परत तबेल्यात गेली की उद्या वरातवाल्याचा टेम्पो दारात. मला स्वतःसाठी जे सुचत नव्हतं ते तिच्यासाठी सुचायला लागलं. मी आयाळ सोडली. मग पाठ मागे टाकली. पायांना सांगितलं, सुटा. ते ऐकेनात. शाळेत नवव्या इयत्तेच्या शेवटच्या बाकांना सांगावं तसं सांगितलं, तेव्हा सुटले. टाचा खाली गेल्या. मग मी ती गोष्ट केली जी सगळ्यांत अवघड होती, दोन्ही हात सैल सोडले. भरधाव धावणाऱ्या जनावराचा लगाम आपण होऊन सैल सोडणं हे शहाण्या माणसाचं लक्षण वाटत नाही. पण सोडल्याबरोबर तिचं नाचणं थांबलं. धावणं तेवढंच राहिलं, तरी सरळ, नीट, मोजून टाकलेल्या पावलांचं. तेवढ्यातही मला बरं वाटलं.

भिंती संपल्या आणि आम्ही एका मंगल कार्यालयाच्या मैदानात शिरलो. मैदानाच्या मधोमध ढोलताशा पथकाचा सराव चालला होता. पोरंपोरी कमरेला ढोल बांधून गोल उभी होती. त्यांनी कमानीतून आत येणारी पांढरी घोडी पाहिली, तिच्यावर हेल्मेट घातलेली, पिकल्या केसांची बाई पाहिली, आणि त्यांची अशी समजूत झाली की हे कुणीतरी मुद्दाम ठरवून आणलं आहे. आनंदाने त्यांनी वाजवायचा जोर दुप्पट केला.

मी ओरडले, "बंद करा!" ढोलात ते कुणाला ऐकू जातंय? एकाने तर मला हात हलवून दाखवला.

पण जागा मिळाली होती. मी डावा हात हळूच मागे घेतला, तेवढाच. उजवा सैल. घोडीचं नाक आधी थोडं वळलं, मग मान, मग अख्खी घोडी. सबंध पथकाला आम्ही एक प्रदक्षिणा घातली. पथकाच्या भोवती गोल लहान करता येईना, म्हणून दुसरीच्या अर्ध्यावर तिला बाहेर काढलं आणि मोकळ्या कोपऱ्यात, जिथे गाड्या लावतात तिथे, नवा गोल धरला. मोठा. मग त्याच्या आत लहान. मग त्याच्याही आत. माझ्या तोंडून आपोआप निघत होतं, "शाब्बास, हळू, शाब्बास, हळू," आणि तिचे कान माझ्याकडे वळायला लागले. धावण्याची दुडकी झाली, दुडकीची चाल झाली. लगामातून माझ्या हाताला तिचं तोंड जाणवलं, म्हणजे ती आता माझं ऐकत होती. आयुष्यात मी गणिताच्या तासाला वर्तुळं पुष्कळ शिकवली, पण वर्तुळाने मला असं कधी वाचवलं नव्हतं.

चाल झाल्यावर मी तिला अगदी थांबवणार, तेवढ्यात ती आपणहून चार पावलं चालली, कार्यालयाच्या पायऱ्यांपाशी गेली आणि पायऱ्यांना बाजू देऊन उभी राहिली. अगदी चिकटून, सरळ, मान वर. माशी बसली तरी हलणार नाही अशी.

आणि मला कळलं. नवरदेवाने उतरावं म्हणून ती उभी होती. ती आवाजाला कधी घाबरलीच नव्हती. तिने वाजंत्री ऐकली होती, आणि आपल्याला उशीर झाला, लोक खोळंबलेत, असं समजून ती कामावर निघाली होती. निवृत्त झाल्यावर पहिल्या जून महिन्यात शाळेची घंटा ऐकून मी सुद्धा एकदा पर्स घेऊन जिन्यापर्यंत गेले होते. मला रडूच आलं. मी तिच्या मानेवर थोपटत राहिले आणि म्हणत राहिले, "झालं, झालं, लग्न लागलं."

ढोल एकदाचे थांबले. बघते तर सगळ्यांचे मोबाईल वर. त्यातलं एक चित्र जरी त्या मुलीच्या फोनवर गेलं तरी संपलं. मी घसा साफ केला आणि शाळेतला आवाज काढला. "मोबाईल खाली!" सगळे खाली गेले. "घेतलंय ते पुसा. आत्ता. माझ्यासमोर." पथकाचा पुढारी, चांगला दाढीवाला, पुढे आला आणि म्हणाला, "मॅडम, तुम्ही? मी तुमच्या वर्गात होतो." मी म्हटलं, "मग तू आधी पूस." त्याने पुसलं, आणि बाकीच्यांचे फोन एकेक करून तपासले.

तोवर हे स्कूटर लावून धापा टाकत आले. चेहरा पांढराफटक. एका हातात थर्मास, तो का उचलून आणला होता ते यांनाही माहीत नव्हतं. म्हणाले, "उतर."

"उतरले तर परत चढता यायचं नाही. मला स्टूल लागतं."

"परत चढायचं कुणाला आहे?"

"अहो, तबेल्यापर्यंत बसूनच जायला हवं. ती पळाली हे तिकडे कळता कामा नये. कळलं तर घालवून देतील तिला."

हे घोडीकडे बघायला लागले. मी म्हटलं, "तुम्ही सांगू नका."

"मी आपणहून सांगणार नाही."

"आणि विचारलं तर?"

"विचारलं तर जे आहे ते सांगणार. मी खोटं बोलत नाही, तुला ठाऊक आहे."

मला ठाऊक होतं, तीच तर अडचण होती. आम्ही परत निघालो. पुढे घोडी पावलापावलाने, मागे स्कूटर त्याहून हळू. यांच्या मनात काय चाललंय ते मला पाठीला ऐकू येत होतं. यांनी फक्त खरं बोलायचं होतं आणि यांचे सगळे रविवार मोकळे होणार होते. घोडी जाईल, माझं शिकणं थांबेल, आणि यांनी तर काहीच वाईट केलेलं नसेल.

वळणावर ती मुलगी समोरून घोडा दौडवत आली. "काकू! कुठे होतात? आणि ही एवढी घामाघूम कशी?" घोडीच्या मानेवर फेस आला होता. तो काही पुसता येण्यासारखा नव्हता.

मी म्हटलं, "मी पळवली."

"तुम्ही?"

"हो, मी. किती दिवस दुडकीच करायची? मोकळा रस्ता दिसला, पळवली."

"काकू, तुम्हाला ते शिकवलेलंच नाहीये."

"म्हणूनच म्हटलं, बघू जमतंय का."

तिचा विश्वास बसला नाही. माझ्या विजारीला चिखल, हेल्मेट एका कानावर. आपखुशीने दौड करून आलेल्या बाईचं हे रूप नसतं. ती माझ्याकडे बघायची थांबली आणि मागे वळली. "काका, तुम्ही मागे होतात. ही पळाली का?"

मी डोळे मिटून घेतले. यांना असा प्रश्न विचारल्यावर काय होतं हे मी लग्न झाल्यापासून पाहत आले होते. नणंदेला ठाऊक होतं, आमटीवाल्या बाईंना ठाऊक होतं. स्कूटरचं इंजिन चालू होतं. ते यांनी आधी बंद केलं.

"नाही," हे म्हणाले. "हिनेच पळवली. मीच म्हटलं होतं, दाखव पळवून."

मी इतकी दचकले की घोडीही दचकली.

त्यानंतर त्या मुलीने आम्हा दोघांना जे काही झापलं, तसं मी माझ्या सबंध नोकरीत कुणाला झापलेलं नाही. या वयात हे चाळे, त्या घोडीच्या पायाचा तरी विचार करायचा, आणि काका, तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती. आम्ही खाली मान घालून ऐकलं. शिक्षा अशी झाली की पुढचा महिनाभर मी दोरावर. म्हणजे ती मधे उभी राहणार, घोडीला बांधलेला लांब दोर तिच्या हातात, आणि मी कुंपणात गोल गोल फिरणार, दुसरीतिसरीची मुलं फिरतात तशी. काकांनी कुंपणाच्या बाहेर थांबायचं. मी फक्त एवढं मागून घेतलं की गणपती होईपर्यंत ढोलाच्या वेळी हिला तबेल्यात दार लावून ठेवायचं आणि माझ्याखेरीज हिच्यावर कुणाला बसवायचं नाही. "हट्टी आहात," असं म्हणून तिने ते मान्य केलं. घोडी राहिली.

आम्ही घरी निघालो. सिंहगड रस्त्याला लागल्यावर यांनी स्कूटर कडेला घेतली आणि बंद केली. मला वाटलं पेट्रोल संपलं. बघते तर यांनी हँडल दोन्ही हातांनी घट्ट धरून ठेवलं होतं.

"काय झालं हो?"

"मला वाटलं, तू गेलीस," हे म्हणाले. "त्या भिंतींमधून तू जाताना दिसत होतीस, आणि माझ्या हातात नुसता हॉर्न होता."

मी यांच्या पाठीवर हात ठेवला. विचारलं, "मग खोटं का बोललात? खरं बोलला असतात तर आज सुटला असतात."

"अगं, ती पळाली हे खरं. पण पाडायचं असतं तर तिने तुला पहिल्याच वळणावर पाडलं असतं. नाही पाडलं. तू वर कशी बसली होतीस ते मी पाहिलंय, पोत्यासारखी. तरी परत आणून दिलं तुला. मग मी कुठल्या तोंडाने सांगू, हिला घालवा म्हणून?"

यांनी थर्मास काढला. झाकणात चहा ओतला आणि आधी माझ्यापुढे धरला. त्यातला निम्मा माझ्या हाताने सांडला, राहिलेल्यातला निम्मा यांच्या हाताने. उरला तो आम्ही दोघांनी मिळून प्यायलो.